१४२८५७ आणि आमची होडी

आज सकाळी गस्तीवाल्यांनी आमची होडी बंदरावर अडवून ठेवली. मासेमारीचा अख्खा दिवस बुडाला.

कारण ऐका. माझ्या भावाने, बाबल्याने, होडीचा नोंदणी क्रमांक पुसून तिथे १४२८५७ रंगवला होता. जत्रेत भेटलेल्या ज्योतिष्याने सांगितलं म्हणे, ह्याला दोन ते सहापैकी कशानेही गुणा, तेच अंक त्याच क्रमाने फिरून येतात, तशी होडीही घरी फिरून येते. त्या शहाण्याला होडीचं तोंड कुठल्या बाजूला असतं ते तरी माहीत आहे का?

मी शाळेत गणित शिकवते. एकाला सातने भागलं की दशांशात हेच सहा अंक पुन्हापुन्हा येतात. चमत्कार कसला? मी बंदरावरच त्याला सातने गुणून दाखवलं. उत्तर ९९९९९९.

"सगळे नऊच? मगे ह्योच आकडो बरो गो," बाबल्या म्हणाला आणि रंगाचा डबा आणायला गेला.

असल्या भावाचं तुम्ही काय केलं असतं?