केरबामामांच्या कॉम्प्युटरमधली मेंढरं

केरबामामा रोज संध्याकाळी साडेसहाला हॉलमध्ये येऊन बसत, रिमोट उचलत आणि टीव्हीवर मेंढरं लावत. भिंतीवर मोठा पडदा, त्याच्याखाली काळा चपटा कॉम्प्युटर आणि खोलीच्या कोपऱ्यांत स्पीकर. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. कामावरून आले की जिन्यातच खालून मेंढरांचा आवाज यायचा.

बिडकीनजवळची त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि तिच्या मोबदल्यातून बीड बायपासला हे घर झालं. जमीन गेल्यावरही कळप दोन वर्षं टिकला होता. मामा गायरानात, बांधाबांधानं चारत होते. मग गायरानाला तारेचं कुंपण पडलं आणि दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात विहिरींत पाणीच राहिलं नाही. मार्चमध्ये त्यांनी कळप विकला.

विकायच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा अजिनाथ पुण्याहून आला होता. तो मोबाईलवर सगळ्या कळपाचं एकदम शूटिंग करायला लागला, तर मामांनी थांबवलं. "अशानं मागच्यांची तोंडं येत नाय. एकेक घे." धनगराला मेंढरू तोंडावरून कळतं. मामांनी एकेक मेंढी धरली आणि अजिनाथनं प्रत्येकीचं अर्धा-अर्धा मिनिट शूटिंग केलं. त्यानंच ते या कॉम्प्युटरमध्ये भरून दिलं. मामांना वाचता येत नाही. पण कॉम्प्युटरमध्ये एक जुना प्रोग्राम होता, त्यात रिमोटचं हिरवं बटण दाबलं की सगळ्या मेंढ्यांच्या तोंडांचे चौकोन पडद्यावर मांडले जायचे. बाण हलवायचा, ओके दाबायचं. एवढं त्यांना येत होतं.

एप्रिलच्या शेवटी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक खिडकी यायला लागली. मामांनी मला खाली बोलावलं.

"सोने, हे कोण मधीच उभं राहतंय? मागची मेंढी दिसंना."

"नवी सिस्टिम टाका म्हणतंय, मामा. सध्या फुकट आहे."

"नाय टाकली तर?"

"रोज विचारत राहील."

"लईच चिकट हाय," मामा म्हणाले. हसले नाहीत.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. पॉलिटेक्निक करून नुकतीच वैजापूरहून आले होते. नव्या सिस्टिममध्ये तो हिरव्या बटणाचा प्रोग्राम नाही, टाकली की तो निघून जातो, हे मला माहीत होतं. मी अजिनाथला फोन करून तसं सांगितलं.

"टाकून दे गं," तो म्हणाला. "जुलैनंतर फुकट मिळणार नाही. जुनीला पुढं कोण विचारतंय? दुसरा एखादा प्रोग्राम दे बाबांना. शिकतील."

खरं सांगायचं तर मलाही नवी सिस्टिम टाकून बघायची होती. मी मामांना दोन्ही बाजू सांगितल्या आणि सांगताना नव्या बाजूचं जरा जास्तच सांगितलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी बसले. कुठलंही काम सुरू करण्याआधी फायली दुसरीकडं उतरवायच्या आणि दोन्हीकडं मोजून बघायच्या, ही आमची पद्धत. मी मोजल्या आणि सवयीनं मोठ्यानं बोलले, "शहाण्णव. इथंही शहाण्णव."

स्वयंपाकघरातून बानामामी तशाच बाहेर आल्या. "ए पोरी! कळपाचा आकडा तोंडानं काढते व्हय? आमच्यात कुणी काढत नाय. नजर लागती."

मामाच म्हणाले, "राहू दे. आता काय व्हायचंय त्यांना?"

मामी तिथंच उभ्या राहिल्या. मामांनी मला विचारलं, "नवीन टाकल्यावर किती राहत्याल?"

"तेवढ्याच, मामा. एकही कमी होणार नाही."

"जास्त?"

"जास्त कशा होतील?"

"व्हय," मामा म्हणाले. "टाक मग. काय फरक पडतोय."

दोन तास पडद्यावर नुसते टक्के वाढत होते. मामा ते बघत बसले. नवी सिस्टिम आली. मी दुसरा प्रोग्राम टाकला, रिमोटही जोडून दिला. पण त्यात मेंढ्यांपर्यंत पोचायला आधी दोन याद्या लागायच्या आणि त्या अक्षरांच्या होत्या. दुसरी ओळ, मग चौथी ओळ, असं मी तीन वेळा करून दाखवलं. मामांनी सगळ्या मेंढ्या एकदा नजरेखालून घातल्या. "हायेत सगळ्या," म्हणाले आणि बंद केलं.

पुढच्या आठवड्यात जिन्यात आवाज आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साडेसहाला मामा यायचे, बसायचे. पडदा काळाच असायचा. मी दोनदा विचारलं, "लावून देऊ?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "कशाला. तुझं काम असंल." पाणी सहाव्या दिवशी येत होतं. टँकरचा हॉर्न वाजला की मामा उठून पाइप धरायचे, ड्रम भरायचे, परत त्याच जागेवर येऊन बसायचे.

नवी सिस्टिम नको वाटली तर महिन्याच्या आत जुनी परत आणता येते. नंतर नाही. जून लागला आणि माझ्या लक्षात आलं की दोन दिवस उरलेत. मी खाली गेले.

"मामा, उद्यापरवापर्यंत जुनी सिस्टिम परत आणता येईल. हिरव्या बटणाची. आणू?"

मामा म्हणाले, "परत आणायचं म्हणलं की आणता येतंय व्हय? बरं हाय." हातातल्या रिमोटकडं बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मेंढरांना काय नवीन अन् काय जुनं. गेली ती गेली."

मी जायला वळले, तर मामी दारात उभ्या होत्या. हाताला पीठ होतं.

"आण परत," त्या म्हणाल्या.

मामांनी मान वळवली. "तू तर कधी बघत नव्हतीस."

"बघायचं कशाला? आतून आवाज ऐकू यायचा की. आवाज आला की मी भाकरीला बसायची. महिना झाला, कधी बसावं तेच कळंना." मग माझ्यावर घसरल्या. "तू गं, एवढी शिकलेली. आधी घरात विचारायचं तरी होतंस. का ह्यांच्या एकट्याचीच होती मेंढरं?"

मामांनी रिमोट माझ्याकडं सरकवला.

मी परत जायचा पर्याय उघडला. सिस्टिमनं कारण विचारलं. पाच-सहा कारणं दिली होती आणि खाली लिहायला एक रिकामी चौकट.

"काय म्हणतंय?" मामींनी विचारलं.

"परत का जायचंय, विचारतंय."

"त्याला काय करायचंय?"

मी मामांकडं पाहिलं. ते पडद्याकडं बघत होते. चौकट तशीच ठेवून मी पुढचं बटण दाबलं.

"किती येळ लागंल?" मामी म्हणाल्या.

"अर्धा-पाऊण तास."

"मग भाकरी टाकून घेते," त्या म्हणाल्या, पण आत न जाता सोफ्याच्या टोकाला बसल्या.