दादाने आवळलेले बोल्ट

माझा मोठा भाऊ उल्हासनगरात गाड्यांचे सायलेन्सर बसवायचा. इंजिनाचं, ब्रेकचं, एसीचं काम तो घ्यायचा नाही. इंजिनातून निघालेला धूर गाडीच्या पोटाखालून मागे नेऊन सोडणारी जी लांब नळी असते, तिचे तुकडे, तिचे जोड आणि तिला टांगून धरणारी रबरं, एवढंच त्याचं काम. कॅम्प चारमध्ये त्याचा भाड्याचा गाळा होता. आत गाडीखाली उतरायला खड्डा, वर एक पंखा, आणि शेजारी एका सिंधी शेठचं स्पेअर पार्टचं दुकान. शेठ त्याला मास्टर म्हणायचा. लोकांना सांगायचा, "साईं, सायलेन्सर का काम है तो मास्टर के पास जाओ. दोबारा आना नहीं पडेगा."

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला आहे. जोडून झालेल्या पंपांचे बोल्ट बरोबर आवळलेत की नाही, हे मी टॉर्क रेंचने पाहते. टॉर्क रेंच म्हणजे लांब दांड्याचा पाना. आमच्याकडच्या रेंचला घड्याळासारखी तबकडी असते आणि बोल्टवर किती जोर लागला ते काटा दाखवतो. बरोबर असेल तर मी बोल्टवर पिवळा ठिपका देते. नसेल तर आकडा मोठ्याने सांगते, समोरची मुलगी तो लिहून घेते आणि पंप मागे जातो. अठरा वर्षं हेच करते आहे, त्यामुळे आकडा मोठ्याने सांगायची सवय मला घरीही आहे.

एका दिवाळीला बोनस मिळाला तेव्हा मी दादासाठी तसाच रेंच विकत घेतला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि हसला.

"मला काय करायचाय हा? माझं मनगट काय खोटं बोलतं का?"

"बघू या की," मी म्हटलं.

खड्ड्यावर एक गाडी उभीच होती. तिच्या जोडाच्या बोल्टांना काट्यावर पंचेचाळीस लागतात. दादाने साध्या पान्याने ते आवळले आणि मागून मी रेंच लावून पाहिले. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. पुन्हा पंचेचाळीस. शेठ दुकानातून उठून आला आणि त्याने आणखी दोन बोल्ट तपासायला लावले. तेही बरोबर निघाले. दादाने रेंच भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकला. म्हणाला, "राहू दे. शोभेला चांगला आहे."

माझी सुट्टी शुक्रवारी. बदलापूरहून मी महिन्यातून दोनदा तरी डबा घेऊन त्याच्याकडे जायचे. त्याचं काम बघत बसायला मला आवडायचं. आधी तो सगळी नळी नुसती टांगून घ्यायचा, बोल्ट बोटांनीच धरवून ठेवायचा. सगळं सरळ बसलं की इंजिनाकडच्या जोडापासून मागे मागे आवळत यायचा. एका जोडाला दोन बोल्ट असतील तर थोडा हा, थोडा तो, पुन्हा हा. मग इंजिन चालू करून जोडांवर साबणाचं पाणी लावायचा. बुडबुडा आला की समजायचं, धूर निसटतोय. गाडी गार झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहायचा. कमी आवळलं तर धूर गळतो, जास्त आवळलं तर धूर अडवणारं मधलं गॅस्केट चिरडतं नाहीतर बोल्टच तुटतो. हे त्याला कोणी शिकवलं होतं असं नाही. बोल्ट तुटता तुटता शिकला होता.

चार वर्षांपूर्वी, पाऊस ओसरत आला होता तेव्हा, अशाच एका शुक्रवारी पालेगावचा एक माणूस गाडी घेऊन आला. चारही काचा खाली होत्या. दहा-बारा दिवसांपूर्वी दादानेच त्याच्या गाडीला नवा सायलेन्सर बसवला होता. तो खाली उतरला आणि दार उघडंच ठेवून दादापाशी आला. मग म्हणाला,

"भाऊ, माझी आय दवाखान्यात आहे."

दादा पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

"काल कर्जतला चाललो होतो. एसी लावून, काचा बंद. बायको म्हणे डोकं दुखतंय. आय ओकली, नि मग मान टाकली तिनं. मला बी गरगरलं. गाडी कशीबशी बाजूला घेतली, काचा उघडल्या. डॉक्टर बोलला, गाडीतला धूर आत येतोय. आणखी थोडा वेळ गेला असता तर..."

तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

दादा खड्ड्यात उतरला, मी टॉर्च धरून त्याच्यामागे. पुढच्या जोडाचा एक बोल्ट त्याच्या बोटांनी फिरला. पाना लावावाच लागला नाही. जोडाभोवती काजळी धरली होती.

मी वर आले. शेजारी दुसरी एक गाडी होती, दादाने त्याच सकाळी पुरी केलेली. मी भिंतीवरचा रेंच काढला, वाकून तिच्या मागच्या जोडाला लावला. मग दुसऱ्या बोल्टला. आणि कारखान्यात म्हणते तसंच खणखणीत म्हणाले, "अठ्ठावीस. सव्वीस."

"किती पायजे?" पालेगावच्या माणसाने विचारलं.

"पंचेचाळीस."

शेठ दारात येऊन उभा होता.

दादा म्हणाला, "पाना झिजलाय माझा."

"मग ह्याने आवळ," म्हणत मी रेंच त्याच्या हातात दिला. त्याने उजव्या हाताने ओढला. काटा चढत चढत अठ्ठाविसाशी गेला, तिथे थरथरला आणि खाली आला. त्याने पाय रोवून पुन्हा ओढला. कपाळाची शीर फुगली होती. काटा तिथेच. मग त्याने हात बदलला. डाव्या हाताने तो सहज पंचेचाळिसाला पोचला. दादा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा हात होता.

त्या दिवशी दोन्ही गाड्यांचे बोल्ट मी आवळले. संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. म्हातारी उठून बसली होती, नाकाला नळी होती. दादा तिच्या पाया पडला. तिने त्याचा हात धरून ठेवला आणि अंगठ्याशेजारचा भाग चाचपला. तिथे मांसच राहिलं नव्हतं, खळगा पडला होता.

"हात वाळलाय रे तुझा," ती म्हणाली. "जेवतोस ना नीट?"

हाडांच्या डॉक्टरने मानेची शीर दबली असेल म्हणून पट्टा दिला. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हाता-पायांत सुया टोचून तपासलं, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वहिनीला आणि मला खुर्चीत बसवून सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं आणि सगळ्यात शेवटी श्वास. यावर औषध नाही. दादा बाहेर बाकावर बसला होता. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्याने आमचे चेहरे पाहिले आणि फक्त एकच विचारलं.

"कधीपासून असेल, काय म्हणाल्या?"

"सात-आठ महिने तरी," मी म्हटलं.

"म्हणजे सात-आठ महिन्यांच्या गाड्या," तो म्हणाला.

काम पुरं झालं की तो मोबाइलवर गाडीच्या पोटाचा आणि नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवायचा. त्या फोटोंवरून आणि गिऱ्हाइकांनी दिलेल्या मोबाइल नंबरांवरून वहिनीने यादी केली आणि एकेकाला फोन लावला. काय सांगायचं ते दादाने ठरवून दिलं होतं. "माझ्या हाताला आजार झालाय, बोल्ट कमी आवळले गेलेत, येऊन जा, तोपर्यंत काचा उघड्या ठेवा." शेठने त्याला समजावलं. "मास्टर, ऐसा मत बोल. धंदा बैठ जाएगा." दादा म्हणाला, "बैठेगा ही."

दोन महिने शुक्रवारी आणि रोज ड्युटी सुटल्यावर मी गाळ्यावर जात होते. गाड्या येत होत्या, मी खड्ड्यात उतरत होते, दादा वर बसून सांगत होता. "आधी पुढचा जोड. थोडा हा आवळ, आता तो." चालत्या गाडीचे बोल्ट थोडे सैल होतातच, ते आम्हाला ठाऊक होतं. तरीही आकडे दिसतच होते. मार्चमधल्या गाड्या चाळीस. मे-जूनमधल्या छत्तीस, चौतीस. पुढे तीस. गणपतीनंतरच्या त्याहून कमी. मी आता आकडा मोठ्याने सांगत नव्हते, नुसती आवळत होते. दादानेच एकदा वरून विचारलं, "किती होता?" मी म्हटलं, "ठीक होता." तो म्हणाला, "खरं सांग." मी सांगितला. त्याने मान हलवली आणि पुढची गाडी घ्यायला सांगितली.

एक गाडी सोडून सगळ्या आल्या. ती पांढरी होती. फोटोत नंबरप्लेटवर सावली पडल्याने शेवटचे दोन आकडे दिसत नव्हते आणि दिलेला मोबाइल नंबर लागत नव्हता. दादाला एवढंच आठवत होतं की माणूस सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगींत राहायला आलेला होता आणि गाडीच्या मागच्या सीटवर तान्ह्या मुलाची खुर्ची लावलेली होती. ती खुर्ची त्याच्या मनातून जाईना. रविवारी गाड्या घरी असतात, म्हणून चार-पाच रविवार ड्युटी सुटल्यावर मी त्याला माझ्या स्कूटरच्या मागे बसवून सोनिवलीला नेलं. एकेका कॉम्प्लेक्सच्या गेटवर थांबायचं, वॉचमनला फोटो दाखवायचा, पार्किंगमध्ये फिरून यायचं. पांढऱ्या गाड्या तिथे शेकड्याने होत्या. दादा वाकून त्यांच्या मागच्या काचेतून आत बघायचा. एका बाईने आम्हाला हटकलं, "काय पाहिजे? कोणाच्या गाडीत बघताय?" दादाने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तोपर्यंत त्याची जीभ जड व्हायला लागली होती. बाईला तो पिऊन आल्यासारखा वाटला आणि तिने वॉचमनला हाक मारली. स्कूटरवर बसताना तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे. मीही हाकललं असतं."

त्यानंतरच्या रविवारी त्याला स्कूटरवर बसताच येईना.

ती गाडी सापडली नाही. बहुतेक काही झालं नसेल. पुढे कुठेतरी सर्व्हिसिंगला गेली असेल, कोणीतरी बोल्ट आवळले असतील. हे मी त्याला कितीदा सांगितलं. त्याचे पाय गेले, मग बोलणं गेलं. अक्षरांच्या पाटीवर डाव्या हाताचं बोट कसंबसं फिरवून अक्षरं दाखवायचा तेव्हाही एकदा त्याने 'पांढरी' एवढंच दाखवलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली. खोटं सांगायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

दोन वर्षं आणि काही महिने काढले त्याने. एका शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडेच होते. वहिनी त्याला चहा चमच्याने द्यायला गेली आणि परत बाहेर आली नाही, म्हणून मी आत गेले. ती त्याच्या उशाशी बसून होती, हातात चमचा तसाच होता. दुपारी अंबरनाथच्या स्मशानात नेलं. भिक्खूंनी त्रिशरण-पंचशील दिलं. पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांत पालेगावचा तो माणूसही होता. त्याने दादाला खांदा दिला. त्याची आई त्याच्यामागून रिक्षाने आली होती.

गाळा वहिनीने परत केला. हत्यारं शेठने ओळखीच्या मिस्त्र्यांना विकून दिली. वहिनी आता कुळगावात एका शाळेत डबे भरायच्या कामाला जाते. पुण्यस्मरणाच्या दिवशी वंदना झाली, पाहुणे गेले आणि आम्ही दोघीच भांडी आवरत होतो, तेव्हा मी तिला मनातलं सांगितलं. त्या दिवशी परक्या माणसासमोर मी तो आकडा असा ओरडून सांगायला नको होता. आजार व्हायचा तो झालाच असता. पण दादाला तो असा कळायला नको होता.

वहिनी भांडं पुसत राहिली.

"ताई, त्यांना आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "होळीपासून त्यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. उजव्या हाताने लागतच नव्हती. मला म्हणाले, होईल बरं, पण तिला सांगू नकोस. ती मोजायला बसेल."

मी पुढचं भांडं विसळायला घेतलं.

"मी सांगितलं असतं तुम्हाला तर ती म्हातारी दवाखान्यात गेली नसती," ती म्हणाली. "मी तेच धरून बसलेय इतके दिवस."

तिने पुसलेलं भांडं फळीवर ठेवलं आणि पुढचं माझ्या हातातून घेतलं. बाहेर शेजारची मुलं ओरडत खेळत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज इथंच राहा." मी घरी फोन करून सांगितलं आणि राहिले.