फोटो माझा, नाव ऋतुजाचं

खेळाच्या सरांनी माझ्या फोटोच्या पाठीला डिंक लावला, फोटो स्पर्धेच्या फॉर्मवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. फॉर्मवर नाव होतं ऋतुजाचं. ऋतुजाची आई समोर खुर्चीत बसली होती. लातूरच्या मोठ्या डॉक्टरीणबाई. मी उभी. बाईंनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"सर, जरा पावडर तरी लावायला सांगायची हिला. आमची ऋतुजा अशी दिसते का?"

सर हसले. मीही हसले. तेव्हा मी हसले, हे मला आजही डाचतं.

मी विचारलं, "सर, मंग माझं नाव?"

"तुझं नाव मेलेल्यांच्या यादीत हाय की. मेलेलं माणूस राज्याला खेळतंय का?"

बाईंना विनोद कळला नाही. सरांनी तो समजावून सांगितला. माझ्यासमोरच.

आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि माझी बहीण सुमी सहा. गणपती बुडवून आल्यावर सुमी माझ्या नव्या फ्रॉकसाठी हटून बसली आणि तोच घालून झोपली. मी तिचा जुना घातला. पहाटे घर अंगावर आलं. आई गेली, सुमी गेली. ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं लोकांनी कपड्यांवरून ओळखली, कारण तोंडं ओळखू येत नव्हती. नवा फ्रॉक थोरलीचा, म्हणून यादीत नाव पडलं माझं.

मी लातूरच्या दवाखान्यात होते, डोक्याला आणि तोंडाला पट्ट्या बांधलेल्या. मावशी शोधत आली. फ्रॉक पाहून रडत म्हणाली, "सुमे, तू हायस गं?" मी हां म्हणाले. मावशीचा जीव सुमीवर होता. नऊ दिवस मी सुमी होते. दहाव्या दिवशी दादा आले. कारखान्यात रातपाळीला होते म्हणून वाचलेले माझे वडील. त्यांनी पट्टी जरा सारली आणि म्हणाले, "ही थोरली हाय." मावशीचा हात माझ्या हातातून सुटला. तो सुटलेला हात मला अजून आठवतो.

यादी कुणी दुरुस्त केली नाही. दादा म्हणायचे, "जिती पोरगी डोळ्यापुढं हाय, कागदाचं काय घेऊन बसलाव?" पुढं नव्या गावात पंचायतीच्या भिंतीवर मेलेल्यांची नावं रंगवली, त्यात माझंही आलं. सुमीचं कुठंच नाही.

सरांनीच मला खेळात आणलं, हे नाकारणार नाही. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभी राहून मी गोफणीनं पाखरं हाकायचे. सरांनी रस्त्यावरून पाहिलं आणि मोटरसायकल थांबवली. लातूरच्या वसतिगृहात आणलं, हातात बेसबॉल दिला. तालुका जिंकलो, जिल्हा जिंकलो, विभाग जिंकलो, तोवर फॉर्मवर नाव माझंच होतं. बॉल टाकणारी मी, झेलणारी शबाना. तिचे अब्बा गंजगोलाईच्या बाजारात बॅगांच्या चेन बसवायचे. तीन वर्षं माझे बॉल झेलून तिचा डावा तळवा कायम सुजलेला असायचा.

राज्याला खेळलं की बारावीला वाढीव गुण मिळायचे. क्लासच्या गल्लीत एकेका गुणासाठी माणसं देव पाण्यात घालून बसलेली. ऋतुजा हुशार होती, पण तिला थोडे गुण कमी पडतील अशी बाईंना धास्ती. तिनं ग्लोव्ह कधी हातात घेतला नव्हता.

"तिला गुण लागतेत, तुला खेळाया मिळतंय," सर म्हणाले. "दोघींचंबी काम होतंय. रडतीस कामून?"

राज्याच्या स्पर्धा नांदेडला होत्या. मॅचआधी अंपायर यादी वाचायचे. नाव आलं की पोरीनं पाऊल पुढं टाकून 'हजर' म्हणायचं, ते फोटो पाहून खूण करायचे. पहिल्या दिवशी ऋतुजाचं नाव आलं. मी पुढं झाले. हजर म्हणाले.

सरांनी सगळ्या पोरींना बजावलं होतं, चार दिवस हिला ऋतुजाच म्हणायचं. त्याही म्हणत होत्या. "ऋतुजा, टाक! ऋतुजा, लई भारी!" मला मात्र दर वेळी 'सुमे' ऐकू येत होतं. मी सारखी मागं वळून पाहत होते. तरी हात चालत होता, तो कुणाच्या नावाची वाट पाहत नव्हता. आम्ही जिंकलो. खरी ऋतुजा लिंबाखाली नोट्स वाचत बसली होती. मॅच संपल्यावर आली आणि म्हणाली, "थँक्यू हं." तिला माझं नाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. यादी सुरू झाली. शबाना हजर म्हणाली. मग ऋतुजाचं नाव. मी जागची हलले नाही. पुन्हा पुकारा झाला. सर दात चावून म्हणाले, "अगं, हो ना पुढं."

मला मावशीचा हात आठवला. एकदा हां म्हणाले होते, तेव्हा सात वर्षांची होते. आता सतरा.

तिसऱ्या पुकाऱ्याला मी पुढं गेले.

"सर, फोटो माझा हाय. हे नाव माझं न्हाई." मग माझं नाव सांगितलं. मोठ्यानं. वडिलांच्या नावासकट, गावासकट.

अंपायरनी फॉर्म उन्हात धरला. मग पेन खिशाला लावलं. अर्ध्या तासात आमचा संघ बाद. सर एवढंच म्हणाले, "चांगले पांग फेडलेस." बाईंनी ऋतुजाला गाडीत बसवलं आणि काच वर केली.

लातूरच्या एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. शबाना पुढच्या सीटवर होती. अहमदपूर गेल्यावर तिनं मान वळवली.

"मेरा नाम तो सच्चा था ना गं?"

तिचं नाव खरं होतं, तळवा खरा होता. तिचे गुण माझ्या तोंडापायी गेले. ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. ते ओझं माझंच आहे, आणि मी ते सरांच्या डोक्यावर टाकणार नाही.

लातूरला सगळ्या उतरल्या. मी वसतिगृहावर गेले नाही. गावची जीप धरली, दादांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ दे. आपल्यासारख्यानं नावासाठी भांडावं व्हय?"

"दादा, बैलाच्या शिंगाचा रंग उरलाय का?"

पोळ्याचा डबा होता. लाल. मी पंचायतीसमोर गेले. भरदुपारी, पारावर माणसं बसलेली असताना. कुणीतरी म्हणालं, "ए पोरी, मेलेल्यांच्या नावाला हात लावू नगं." मी म्हणाले, "मी मेलेली न्हाई."

माझ्या नावावर काट मारली. जाड, दोनदा. खाली जागा नव्हती, म्हणून बाजूला, भिंत संपते तिथं सुमीचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. वाकडंच राहू दिलं.

यापुढं दुसरीच्या नावाला मी ओ देणार नाही. माझा हात पाहिजे असेल तर आधी माझं नाव लिहा.