पन्नासातून एक काढताना

दुसरीतली एक मुलगी आमच्या खेळण्याची वरची चकती स्टीलच्या पट्टीने उचकटत होती. माझे दोन इंटर्न तिच्या दोन बाजूंना बसून बघत होते. अर्णव म्हणाला, "मॅम, जॉइंट वीक आहे." सायली म्हणाली, "थांब ना. ती काय करतेय ते बघू दे."

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीला लागून असलेल्या मराठी शाळेत आम्ही प्लेटेस्टला गेलो होतो. प्लेटेस्ट म्हणजे खेळणं बाजारात जाण्याआधी मुलांच्या हातात द्यायचं आणि आपण गप्प बसून बघायचं. यातलं गप्प बसणं सगळ्यात अवघड. इंटर्नना ते शिकवायला मला पहिले दोन आठवडे लागतात, आणि काही जणांना शेवटपर्यंत जमत नाही.

मी शैक्षणिक खेळणी बनवणाऱ्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये प्रॉडक्ट हेड आहे. त्याआधी बरीच वर्षं प्लास्टिकच्या मोल्डचं डिझाइन केलं. मोल्ड म्हणजे साचा. बादलीपासून टूथब्रशपर्यंत सगळं त्यातूनच निघतं. तो एकदा लोखंडात कोरला की बदलणं महाग पडतं, त्यामुळे या धंद्यातल्या माणसांना बदलाची भीती असते. मलाही आहे.

आमचं ऑफिस अंधेरीला मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. कंपनी कौस्तुभची. तिशीतला, मुलुंडचा मुलगा, डोक्याने तेज, बोलायला फटकळ. मला मधुराताई म्हणतो. त्या उन्हाळ्यात दोन इंटर्न होते. अर्णव बोरिवलीचा, डिझाइनचा विद्यार्थी. सायली भांडुपची, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. तिचे आजोबा राजापूरहून गिरणीत आले होते, वडील लिफ्ट मेंटेनन्समध्ये. ती कमी बोलायची, पण बोलली की मागे घ्यायची नाही.

खेळणं असं होतं. एक ट्रे. कॅरमच्या स्ट्रायकरएवढ्या सुट्या चकत्या. आणि दहा चकत्या कायमच्या जोडून केलेले खांब. चकती म्हणजे एकक, खांब म्हणजे दशक. ट्रेमधून आवाज येतो, 'तेवीस दाखव.' मुलाने दोन खांब आणि तीन चकत्या ठेवायच्या. ट्रेखाली स्वयंपाकघरातल्या काट्यासारखा वजनाचा सेन्सर असतो. वजनावरून तो आकडा ओळखतो आणि बरोबर की चूक ते सांगतो. इंग्रजीत हे खेळणं छान चालत होतं. आता एका ट्रस्टला मराठी शाळांसाठी ते हवं होतं. ही ऑर्डर मिळाली तर आमचं पुढचं वर्ष निर्धास्त जाणार होतं.

तर ट्रे म्हणाला होता, 'एकोणपन्नास दाखव.' त्या मुलीने झटकन पाच खांब उचलून ठेवले. ट्रे म्हणाला, 'पुन्हा प्रयत्न कर.' तिने ट्रेकडे असं पाहिलं, जणू तो मधेच बोलला. मग दप्तरातून पट्टी काढली.

सायलीने विचारलं, "काय करतेस गं?"

"पन्नास घेतले. आता एक काढायचाय. निघत नाही."

अर्णव माझ्याकडे बघायला लागला. खांब आम्हीच अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने पक्का केला होता. तो निघू नये हीच तर त्याची खुबी होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये रिव्ह्यू होता. कौस्तुभने ओरखडे पडलेला खांब हातात फिरवून पाहिला.

"पट्टी कोणी दिली तिला?"

"तिचीच होती," मी म्हटलं.

"मग हा मिसयूज आहे. अर्णव, कडेला फिलेट दे, कोपरे गोल कर, पट्टी घुसायला नको. झालं."

"सर, ती तोडत नव्हती," सायली म्हणाली. "वजा करत होती. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी. शब्दच तसा आहे. आपण तिला पन्नास ऐकवतो आणि चार खांब मागतो."

"एका मुलीवरून डिझाइन बदलत नाहीत. सायली, तुझं काम मराठी ऑडिओ लोड करणं आहे. मराठी व्हर्जन म्हणजे आवाज मराठी, बाकी सगळं सेम."

सायलीने लॅपटॉप पुढे ओढला. तिच्या इंटर्नशिपनंतर आमच्याकडे एक जागा निघणार होती, हे दोघांनाही माहीत होतं. अशा वेळी बॉसशी वाद कोण घालणार? मग मीच म्हटलं, "कौस्तुभ, एका मुलीवरून बदलत नाहीत हे बरोबर. पण एका मुलीवरून सोडूनही देत नाहीत. मला शाळेत अजून एक फेरी मारू दे."

"डेमोची तारीख हलणार नाही, ताई."

"नको हलवूस."

या फेरीत आम्ही नीट आखणी केली. प्रत्येक मुलाला आधी अठ्ठेचाळीस, मग मधे दुसराच आकडा, मग एकोणपन्नास. अठ्ठेचाळीसला फारसं कोणी अडलं नाही. एकोणपन्नासला मात्र निम्म्याहून जास्त मुलांनी आधी पाच खांब उचलले. काही जण तिथेच अडकले. काहींनी पाच खांबांशेजारी नऊ चकत्या मांडल्या आणि समाधानाने हात झाडले. ते झाले एकोणसाठ. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळीकडे तोच प्रकार.

वर्गाच्या बाई खिडकीशी वह्या तपासत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे दर वर्षीचं आहे. मुलं वहीतसुद्धा एकोणपन्नास म्हटलं की पाचावर नऊ लिहितात. हुशार मुलंही. मग घोकून घेतो आम्ही."

मुलुंडच्या एका इंग्रजी शाळेत तोच खेळ 'फॉर्टी नाइन' म्हणून दिला. तिथल्या मुलांनी चार खांब, नऊ चकत्या मांडल्या आणि पुढे गेली. त्याच वयाची मुलं, तोच ट्रे.

कौस्तुभने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सोपं आहे. ऑडिओत 'चाळीस नऊ' म्हणू."

"आणि घरी वडील एकोणपन्नास म्हणाले की?" सायलीने विचारलं. "खेळणं तिला घरच्या शब्दापासून तोडणार. तोच शब्द कळावा म्हणून तर आपण चाललोय ना शाळेत?"

"मग हे नऊवाले आकडे काढूनच टाकू."

आता अर्णव बोलला. हा मुलगा तोवर मान डोलावणाऱ्यांतला होता. "सर, एक विचारू? एकोणऐंशी म्हणजे किती?"

"एटी नाइन." कौस्तुभ थांबला. "नाही. एक मिनिट. सेव्हंटी नाइन."

अर्णव म्हणाला, "काल मीपण असंच म्हटलं होतं. घरी आम्ही मराठीच बोलतो."

कौस्तुभ खुर्चीत मागे टेकला. "माझ्या आईने या आकड्यांवरून मला पहिलीत मारलंय यार," तो हळू म्हणाला. मग पुन्हा बॉस झाला. "खांबाच्या मोल्डला हात लावायचा नाही. ट्रेच्या आतलं हार्डवेअर बदलायचं नाही. तारीख तीच. या तिन्हींत बसवून काही करता येत असेल तर करा."

खांबातून चकती काढता येत नव्हती. मग ती लपवता येईल का? ही कल्पना अर्णवची. खांबाच्या वरच्या चकतीवर बसणारी एक काळी टोपी. टोपी घातली की ती चकती मोजायची नाही. त्याने थ्रीडी प्रिंटरवर टोपी काढली, खांबावर बसवली. बघताक्षणी कळत होतं की एक कमी झाली.

मुलांना कळत होतं. ट्रेला कसं कळणार? टोपी घातली की वजन वाढतं, कमी होत नाही. सायली त्या ट्रेसमोर बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "मॅम, टोपीचं वजन अर्ध्या चकतीएवढं ठेवू. ट्रेला साडेपन्नास दिसले तर अर्ध्यावरून त्याला कळेल की टोपी आहे. मग पन्नासातून एक वजा करायचा. फक्त कोड बदलायचा, हार्डवेअर तेच."

मला ते फार आवडलं. पण मी टोपी उचलली आणि टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकली. तिला तडा गेला. परत टाकली, कोपरा उडाला. ही ड्रॉप टेस्ट. मुलांच्या हातून वस्तू पडणारच, आणि पडून फुटली तर तिची धार बोट कापते. एवढ्या वजनात बसवायला टोपी पातळ करावी लागत होती, आणि पातळ टोपी टिकत नव्हती.

"जाड केली तर वजन वाढतं," अर्णव म्हणाला. "मग अर्धं राहत नाही."

सायलीने तुकडे गोळा केले. "अर्धंच कशाला हवं? दीड चालेल. साडेएक्कावन्न दिसले तरी अर्ध्यावरून टोपी कळेलच."

मी इतकी वर्षं मोल्डमध्ये काढली, पण हे मला सुचलं नव्हतं. दीड चकतीच्या वजनाची टोपी चांगली जाड झाली. मी ती पुन्हा पुन्हा टाकली. फुटली नाही.

पुन्हा घाटकोपरला गेलो. पट्टीवाल्या मुलीने पाच खांब ठेवले, एकावर टोपी बसवली. ट्रे म्हणाला, 'बरोबर. पन्नासला एक कमी, एकोणपन्नास. चार दशक, नऊ एकक.' तिने टोपी काढली, 'चार दशक' तपासायला चार खांब वेगळे केले, आणि उरलेल्या खांबावर टोपी परत घालून बघितली. मग शेजारणीला म्हणाली, "बघ, हा नऊ झाला." तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी खाली मान घालून बसले, कारण माझा चेहरा बघून मुलं उत्तर ओळखतात.

लगेच एका पोराने आम्ही आणलेल्या सगळ्या टोप्या सगळ्या खांबांना घातल्या आणि ट्रेने भलताच आकडा सांगितला. दोन टोप्यांचं वजन तीन चकत्यांएवढं होतं, हे आम्ही विसरलो होतो. म्हणून सेटमध्ये टोपी एकच.

डेमोला ट्रस्टच्या मॅडम आल्या. त्यांनी सगळं करून पाहिलं. मग टोपी हातात घेऊन विचारलं, "ही हरवली तर?"

कौस्तुभ सेल्सचं काहीतरी बोलणार होता. त्याच्या आधी सायली म्हणाली, "हरवेल, मॅडम. तेव्हा चार खांब, नऊ चकत्या मांडता येतात. ते उत्तरही ट्रे बरोबरच धरतो."

मॅडमनी पूर्ण ऑर्डर दिली नाही. आधी मोजक्या शाळांत वापरून बघू म्हणाल्या. कौस्तुभ दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. ते वर्ष आम्हाला ओढूनताणून काढावं लागलं. उरलेली ऑर्डर पुढच्या शैक्षणिक वर्षात आली. मधल्या काळात शाळांकडून येणारा सगळ्यात मोठा निरोप एकच होता, 'टोपी हरवली, दुसरी पाठवा.' मॅडमचंही बरोबर होतं.

ती जागा कौस्तुभने सायलीलाच देऊ केली. तिने विचार करायला वेळ मागितला आणि एका आयटी कंपनीचं कॅम्पस प्लेसमेंट घेतलं.

"घरी पक्की नोकरी हवीय, मॅम. धाकट्या भावाचं अजून शिक्षण आहे."

"बरोबर केलंस," मी म्हटलं. मला थांब म्हणावंसं वाटत होतं. पण स्टार्टअपच्या भरवशावर दुसऱ्याच्या घरचं गणित मांडायचा अधिकार मला नव्हता.

अर्णव आमच्याकडे लागला. आता नवे इंटर्न आले की प्लेटेस्टला तोच घेऊन जातो. त्यांच्या फीडबॅक शीटमध्ये पूर्वी बरोबर आणि चूक असे दोनच रकाने होते. त्याने तिसरा घातला, 'मुलाला विचारलं का?' तो भरायला वेळ लागतो म्हणून कौस्तुभ कुरकुरतो. खरंच लागतो, आणि तो वेळ आमच्या कुठल्याच प्रोजेक्ट प्लॅनमध्ये आजवर कोणी धरलेला नाही.