फवारणीच्या बॅटरीवर गार झालेला आमरस

"पाव्हणं, पाटावरून उठलात तर तुम्हाला माझी आण हाय!"

ही आरोळी आमच्या मंडळींची. आमचं घर नांदेडात, पण ती ऐकून तिकडं मुदखेडच्या स्टेशनात उभी असलेली गाडी गार्डाची शिट्टी समजून सुटली, असं म्हणतात. मी काही बघायला गेलो नाही, कारण मी फ्रीजमध्ये डोकं घालून बसलो होतो.

पाटावर बसले होते आमचे लातूरचे जावई. कपाळभर कुंकू, डोक्यावर कोरी टोपी, खांद्यावर उपरणं. अधिक महिना चालू, धोंड्याचं जेवण, आणि या जेवणाला जावई म्हणजे साक्षात नारायण. आता नारायणाच्या हातात कुणी स्क्रू ड्रायव्हर देतं का? पण पंचाईत अशी की हा आमचा नारायण लातुरात फ्रीज दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि आमच्या फ्रीजनं मुहूर्त काढून नेमकी तीच सकाळ धरली होती.

वर फ्रीजरात हिमालय आणि खाली वीटभट्टी. त्या भट्टीत पातेलंभर आमरस, आमच्या भोकरच्या शेतातल्या गावरान आंब्याचा. पातेलं एवढं की फ्रीजरात घालायचं तर आधी फ्रीज त्याच्यात घालावा लागला असता. मंडळींनी आदल्या दिवशीच विहीणबाईंना फोनवर ऐकवलं होतं, तुमच्या लेकाला असा गार रस वाढते की तुमच्याकडचा विसरतील. रस आंबला असता तर ती बातमी जावयाच्या आधी लातुरात पोचली असती. थोडक्यात, घराण्याची अब्रू पातेल्यात होती आणि वरून नुसती ताटली झाकलेली.

म्हणून मी हत्यार उचललं. फ्रीजरातला पंखा गार हवा खाली ढकलतो, एवढं मला ठाऊक. दार उघडून बघितलं, पंखा बंद. लावलं, कान लावला, झटकन उघडलं, तरी बंद. ही शिवाशिवी एवढा वेळ चालली की बिजागरीनं रजेचा अर्ज लिहायला घेतला.

पाटावरून खाकरल्याचा आवाज आला. जावई आमच्या लेकीकडं बघून म्हणाले, "मामांना सांग, दार उघडलं की तो पंखा थांबतच असतो. कडंला बटन हाय, ते दाबून धरा म्हणावं."

मी मंडळींकडं पाहिलं. त्यांनी हायकोर्टासारखा विचार करून निकाल दिला: पाव्हण्यांनी बोलायला हरकत न्हाई, हात लावायचा न्हाई.

बटन दाबलं, तरी पंखा ढिम्म. मग पाटावरून हुकूम सुटत गेले, लेक ते दीड हाताच्या अंतरावरून माझ्यापर्यंत पोचवत गेली आणि मी ते बजावत गेलो. प्लग काढला. फ्रीजरातलं मागचं झाकण खोललं. चमच्याच्या दांडीनं पातं ढकललं, तर ते जत्रेतल्या पाळण्यासारखं मोकळं फिरलं. म्हणजे बर्फात अडकलेलं नव्हतं. जावयांचं म्हणणं, आता दोनच संशयित: एक तर पंख्याची मोटर गेली, नाहीतर मागचा बोर्ड तिला करंट देऊन नाही राहिला. बारा व्होल्टची बॅटरी हाय का घरात? एवढं विचारता विचारता ते पाटासकट फ्रीजकडं वीतभर सरकले होते. मंडळींनी पळी उगारली, पाट मागं गेला.

बॅटरी होती. फवारणी पंपाची, शेतातून चार्जिंगला आणलेली. मंडळींनी ती आधी पुसायला लावली, मग माझे हात साबणानं असे घासून घेतले की तळहाताच्या रेषा पुसल्या. तेव्हापासून कुणी ज्योतिषी मला दारात उभं करत नाही. पंख्याच्या दोन वायरी बॅटरीला टेकवल्या आणि असा वारा सुटला की भिंतीवरचं कॅलेंडर उलटत उलटत दिवाळीला जाऊन थांबलं.

"पंखा चांगला हाय," जावई म्हणाले. "बोर्ड गेलाय."

बोर्ड काही आमच्या शेतात पिकत नाही. म्हणून वायरी दाराच्या रबराखालून बाहेर काढल्या, प्लग परत लावला, बॅटरी फ्रीजशेजारी चौरंगावर बसवली, आणि जिनं आजवर सोयाबीनवरच्या अळ्या मारल्या तिनं दुपारपर्यंत आमचा रस गार केला. असा गार, की पहिल्याच घासाला जावयांचे दात वाजले ते उदगीरच्या लोकांना टाळ वाटले. त्यांनी धोंड्यांबरोबर वाटीवर वाटी रिचवली. मंडळी वाढताना एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात फोन धरून होत्या. विहीणबाईंना तो वाटीचा आवाज थेट ऐकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई साध्या शर्टात चहाला बसले. टोपी नाही, कुंकू नाही, पाट भिंतीला टेकवलेला. मी मोठ्या अदबीनं त्यांच्या बशीशेजारी स्क्रू ड्रायव्हर ठेवला. म्हटलं, नारायण काल जेवून गेले, आता मेकॅनिकनं उठायला हरकत नाही. गाठा दुकान, आणा बोर्ड.

त्यांनी बशीतला चहा संपवला. स्क्रू ड्रायव्हरकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडं.

"अधिक महिना अजून संपला न्हाई, मामा."