साखर ओळखणारे चिमटे

माझं रक्त भोपाळच्या एका प्रयोगशाळेत कामाला जातं, हे कोलार रोडवरच्या आमच्या अख्ख्या कॉलनीला सांगून झालंय. लेक तिथे संशोधन करते. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती प्लास्टिकच्या बशीत वाढवते आणि त्यांच्यापुढे बुरशी ठेवते. बुरशीच्या अंगावर साखरेचं आवरण असतं, आणि पेशीच्या अंगावर ती साखर पकडणारे बारीक चिमटे. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी नुसत्या स्पर्शाने शत्रू ओळखायचा! मला चष्मा लावूनही समोरची शेजारीण ओळखू येत नाही. या चिमट्यांचं मला भारी कौतुक आहे.

पण या उन्हाळ्यात माझ्या पेशी रुसल्या. बुरशी शेजारी तरंगायची आणि या ढिम्म. प्रयोग पुन्हा पुन्हा फसला. एका संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, अब बस. एमपी नगरच्या कोचिंगवाल्यांनी बायोलॉजी शिकवायला बोलावलंय. सोमवारी हो सांगून टाकते." तिचे बाबा, बरखेड्याच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, पेपरचं तेच पान पुन्हा वाचू लागले. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

शनिवारी ती आपलं सामान आवरायला लॅबमध्ये गेली आणि दुपारी तिचा फोन आला. रडत होती की हसत होती, कळेना. बशीला चिकटलेल्या पेशी सोडवायला ती एक द्रावण घालते. ते कॅल्शियम काढून घेतं, म्हणून पकड सुटते. पण चिमट्यांनाही साखर धरायला कॅल्शियमच लागतं! ते परत मिळायचं पेशी धुण्याच्या पाण्यातून, आणि त्या पाण्याची नवी बाटली आली होती बिनकॅल्शियमची. कपाट आवरताना तिने लेबल नीट वाचलं. शहाणी माझी, इतके दिवस पेशींचे हात बांधून त्यांना जेवायला वाढत होती.

उरलेल्या पेशींना कॅल्शियम देऊन तिने प्रयोग पुन्हा लावला. घरी येऊन मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. एक वेडीवाकडी पेशी सरकत आली, बुरशीला लागली, थबकली आणि तिला पोटात घेऊन मोकळी झाली. माझे डोळे भरून आले.

"ही मी का गं?"

"तूच, आई. पूरी निगल गई!"

कोचिंगचं विचारायचा मला धीर होईना. तीच म्हणाली, "सोमवारी ताजं रक्त लागेल हं."

वार शनिवार होता, तरी मी बाही वर केली.