आईला लावून बघा

येलहंक्याच्या आमच्या घरी नेट दुरुस्त करायला आलेली ती बाई हेल्मेट न काढताच राउटरसमोर बसली. “लाइन आहे अण्णा, साइटचा पत्ता शोधणारं डीएनएस मध्येच झोपतंय. स्वल्प थांबा,” इथल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणत तिने दुसरं डीएनएस घातलं. “आता आईला व्हिडिओ कॉल लावा. त्याशिवाय मी काम झालं म्हणत नाही.”

खरं सांगतो, नागपूरच्या आईला टाळायला मला ते बंद नेट बरं पडायचं.

कॉल लागला. “याचं नेट नेहमीच बंद असतं गं,” आई तिला म्हणाली.

ती माझ्याकडे बघून हसली. “असायचं, अम्मा. आता बिघडलं तर मलाच फोन करा,” म्हणत तिने आईला स्वतःचा नंबर दिला.

नेट अजून अधूनमधून जातं. तेव्हा आईने तिला फोन करायच्या आत मी निमूटपणे आईला साधा फोन लावतो.